पिराजी गुळव्याची शिराज

पिराजी गुळव्याला कुणी काही शिकवायला गेलं तर तो आधी ऐकूनच घ्यायचा नाही. मग नाइलाजानं ऐकायचा आणि शेवटी 'ह्ये तर मला म्हाईतच हुतं' म्हणून मोकळा व्हायचा. पेठ वडगावच्या आसपासच्या आठ-दहा गावांत त्याच्या या स्वभावाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण काहिलीपुढं त्याचं कधी चुकलंच नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं उसाचा रस कढवून गूळ केला. एवढ्या वर्षांत एकही काहील करपली नाही, एकही ढेप मऊ पडली नाही. असा माणूस थोडा फुगला तर फुगू द्यावा.

गुऱ्हाळात ऊस तोडणारे वेगळे, चुलवाणात जाळ घालणारे वेगळे, पण काहिलीतल्या उकळत्या रसाकडं बघून 'आता उतरवा' असं म्हणण्याचा अधिकार एकट्या गुळव्याचा. रस तापायला लागला की त्यातली घाण फेसाबरोबर वर येते. तिला मळी म्हणतात. ती लोखंडी झाऱ्यानं काढत राहायची. जेवढी मळी स्वच्छ काढाल तेवढा गूळ पिवळाधमक. पिराजीनं काढलेल्या मळीचे डोंगर केले असते तर जोतिबाच्या शेजारी आणखी एक उभा राहिला असता, असं तो स्वतःच सांगायचा.

पुढं ऊस सगळा कारखान्याला जायला लागला, जाळ घालायला माणसं मिळेनात आणि सयाजीराव पाटलांनी गुऱ्हाळ बंद केलं. काहील मोडीत गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पिराजी घरी बसला. घरी बसणं त्याला जमेना आणि त्याचं घरी बसणं त्याच्या बायकोला, बाळाबाईला, त्याहून जमेना. भाजी चिरताना सुद्धा तो 'फोड मोठी झाली' म्हणून सांगायचा.

त्याच सुमाराला सयाजीरावांचा पुतण्या अमरसिंह नाशिककडच्या एका वायनरीत सहा वर्षं नोकरी करून गावी परत आला होता. गावाच्या वरच्या अंगाला पाटलांचा दोन एकर माळ होता, नुसता मुरूम. तिथं ऊस सोडाच, कुसळं सुद्धा जीव मुठीत धरून उगवायची. त्या माळावर या पोरानं द्राक्षं लावली, आणि ती सुद्धा खायची नव्हेत, वाईनची. जातीचं नाव शिराज. रीतसर परवाना काढला, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये स्टीलच्या दोन टाक्या आणून बसवल्या आणि पहिलं पीक तयार व्हायच्या वेळेला तो पिराजीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, तात्या, रस तुम्हाला कळतो, माझ्याबरोबर चला.

"रसच हाय न्हवं?" पिराजी म्हणाला. "मग झालं तर."

बाळाबाईनं नाक मुरडलं. गूळ केलेला हात आता दारूला लावणार का, असं तिनं विचारलं. पिराजीनं तिला सांगितलं की देवानं उसात आणि द्राक्षात एकच गोडी घातलीय, पुढचं माणसावर. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ते त्यानं चहाच्या टपरीवरही म्हणून दाखवलं.

शिराजशी त्याची पहिली ओळख झाली ती अशी. अमरसिंहनं एक घड तोडून हातात दिला. मणी बारीक, काळेनिळे, वर पांढरट लव. मिरजेच्या बाजारातली टपोरी द्राक्षं खाल्लेल्या माणसाला ही करवंदंच वाटायची. पिराजीनं मणी तोंडात टाकला, रस चोखला, साल आणि बिया थुंकून टाकल्या. ऊस खाताना चोथा थुंकतात तसं. "ग्वाड हाय," त्यानं निकाल दिला. एवढ्यावर ओळख झाली असं तो समजला.

फेब्रुवारीत तोडणी झाली. द्राक्षं चिरडून साली-बियांसकट दोन्ही टाक्यांत भरली. हे गाळलं का नाही, असा प्रश्न पिराजीच्या मनात आला, पण पोरगं नंतर गाळेल म्हणून तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी अमरसिंहला चुलत बहिणीच्या लग्नाला नेसरीला जायचं होतं. दिवसातून तीनदा लाकडी दांड्यानं ढवळायचं आणि वर आलेलं सगळं खाली दाबायचं, असं दोनदा बजावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजीनं पहिल्या टाकीचं झाकण काढलं आणि त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. रस आपोआप तापला होता. खालून बुडबुडे येत होते, चुरचुर आवाज होत होता आणि वर वीतभर जाडीचा थर जमला होता. साली, फेस, देठ. आता हे खाली दाबायचं? चाळीस वर्षं जी घाण वर आली ती काढण्यात ज्याची हयात गेली, त्यानं ती परत रसात कोंबायची? पोरगं शिकलेलं आहे, पण काहिलीपुढं उभं राहिलेलं नाही, असं पिराजीनं मनाशी ठरवलं. कोपऱ्यात जुना झारा होता. तो त्यानं धुऊन घेतला आणि कामाला लागला. दुपारपर्यंत पहिल्या टाकीतली सगळी साल काढून त्यानं उकिरड्यावर नेऊन टाकली. खाली नितळ रस राहिला. दुसरी टाकी उद्या सकाळी करायची ठरवून तो समाधानानं जेवायला गेला.

संध्याकाळीच अमरसिंह परत आला. त्यानं टाकीत पाहिलं. मग मागं उकिरड्याकडं गेला, वाळत चाललेल्या सालींची मूठ उचलली. तिच्यावर चिलटं घोंगावत होती.

"तात्या, हे सगळं तुम्ही काढलंत?"

"मळी काढली. लई घाण हुती," पिराजी म्हणाला. शाबासकीची वाट बघत तो उभा होता.

अमरसिंह एका पालथ्या क्रेटवर बसला. मग "असू दे तात्या" एवढंच म्हणून उठला.

चार दिवसांनी दोन्ही टाक्यांतला एकेक पेला त्यानं फळीवर ठेवला. दुसऱ्या टाकीतला जांभळासारखा काळाभोर होता. पहिल्या टाकीतला फिका गुलाबी, लहान पोरींच्या रिबिनीचा असतो तसा. पिराजी दोन्हीकडं आळीपाळीनं बघत राहिला. काय झालं ते त्याला दिसत होतं. का झालं ते कळत नव्हतं, आणि विचारायला जीभ उचलत नव्हती. अमरसिंहही बोलला नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर पिराजीनं पाच घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण दुसऱ्या दिवसापासून शेडची किल्ली अमरसिंहच्या कमरेला लागली आणि पिराजीला त्यानं अदबीनं सांगितलं की तात्या, तुम्ही आता बागेचं बघा.

गावाला काय, टाळ्या पिटायला निमित्तच पाहिजे असतं. पिराजीनं दारूतनं सुद्धा मळी काढली, हा विनोद टपरीवर महिनाभर चालला. पिराजी सगळ्यांबरोबर हसायचा आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचा. त्याचं दुःख नोकरीचं नव्हतं. रस याच्या हातात दिला तर बिघडायचा नाही, ही त्याची एकुलती एक कमाई होती. घर साधं, शेती नाही, पोरगी दिल्या घरी. होता तो एवढा हात, आणि त्या हातावरचा लोकांचा भरवसा एका दुपारी गेला होता. तो परत आल्याशिवाय त्याला मरणं सुद्धा परवडणार नव्हतं.

बागेत मात्र तो प्रामाणिकपणे राबला. एप्रिलची छाटणी केली, ऑक्टोबरची केली, आणि हळूहळू या वेलीचे गुण-अवगुण त्याच्या ध्यानात यायला लागले. शिराजची वेल ताठ वाढत नाही, लोळत सुटते. फांदी कोवळी असताना वाऱ्यानं मोडते, म्हणून तिला वेळेवर तारेला बांधावं लागतं. पाण्याचंही तसंच. उसाला पाटानं पाणी पाजलेला माणूस, त्याला वाटायचं हिला तहान लागली असेल. एकदा त्यानं चोरून ठिबकचा कॉक दोन तास जास्त उघडा ठेवला तर आठवड्यात नुसता पाला माजला. त्या दिवसापासून पिराजीनं कानाला खडा लावला. हिला उपाशी ठेवली तर पिकते, लाड केले तर नुसती मिरवते, असं तो बाळाबाईला सांगायला लागला. बाळाबाई म्हणाली की असल्या एका माणसाबरोबर तिनं जन्म काढलाय.

जानेवारीत घडांवर रंग चढला. एका सकाळी पिराजीनं एक काळाभोर मणी तोडला आणि तोंडात टाकायच्या ऐवजी तळहातावर चिरडला. तळहातावर पाणी आलं. स्वच्छ, पांढरं पाणी. त्यानं दुसरा चिरडला, तिसरा चिरडला. तेच. काळ्या द्राक्षाचा रस पांढरा. मग त्यानं उरलेली साल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळली, आणि अंगठा जांभळा झाला. धोतराला पुसला, धोतर जांभळं झालं. पाण्यानं धुतला, तरी रंग जाईना.

पिराजी वेलीखाली मटकन बसला.

पण नुसत्या अंगठ्यावर विश्वास ठेवणारा तो नव्हता. घरी त्यानं दोन वाट्या घेतल्या. एकीत चिरडून गाळलेला रस घातला, दुसरीत सालीसकट. दोन्ही फळीवर झाकून ठेवल्या आणि बाळाबाईला हात लावू नको म्हणून दम दिला. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून झाकणं काढली. पहिल्या वाटीत फिकट पाणी होतं. दुसरीत काळोख.

बाळाबाईनं दोन्ही वाट्यांत वाकून पाहिलं. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण चाळीस वर्षं गुळव्याचा संसार केला होता.

"म्हंजी तुमी मळी न्हाय काढली," ती म्हणाली. "माल काढून टाकला."

पिराजी त्या रात्री जेवला नाही. लाज वाटली म्हणून, आणि आणखी एका गोष्टीसाठी. वर्षभर त्याला वाटत होतं की या कामात त्याला न कळणारी काहीतरी पुस्तकी भानगड आहे. तशी काही नव्हती. नुसती साल चावून पाहिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यानं ती थुंकली होती.

सकाळी तो अमरसिंहकडं गेला आणि आयुष्यात जे वाक्य कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाला.

"धाकलं मालक, चुकलं माझं. मी माल उकिरड्यावर टाकला. आता मला एक पिंप द्या."

वर्षभर म्हातारा गप्प होता आणि आज एका दमात चूकही कबूल करत होता आणि मागणीही करत होता. टाकी द्यायचं धाडस अमरसिंहला होईना. शेवटी त्यानं दोनशे लिटरचं एक पिंप दिलं. त्यात काय करायचं ते तात्यांनी करावं, पण टाक्यांना हात लावू नये, असं ठरलं. पिराजीला पिंप पुरेसं होतं.

त्या दिवसापासून त्यानं शिराज चावायला सुरुवात केली. रोज सकाळी, वेगवेगळ्या रांगेतली. रस गिळून टाकायचा, त्याकडं लक्षच द्यायचं नाही. साल दाढेखाली धरायची. आधी ती नुसती आंबट-तुरट, जीभ ओढून धरणारी. मग आठ-दहा दिवसांनी तुरटपणा मवाळ झाला आणि मागून काळ्या मिरीसारखा एक झणका यायला लागला. बिया दातानं फोडायच्या. हिरवी बी कडू, दातात चिकटणारी. पिकलेली तपकिरी, कुडकुडीत, भाजल्या शेंगदाण्याच्या जवळपास जाणारी. पिराजीचे दात आणि ओठ महिनाभर जांभळे होते. बाळाबाई म्हणाली की या वयात विडा खाऊन फिरल्यासारखं दिसतंय, आता बाजारात माझ्यासंगं येऊ नका.

तोडणी झाली, टाक्या भरल्या, पिंपही भरलं. या वेळी साल वर आली की पिराजी ती दोन्ही हातांनी खाली दाबायचा. प्रत्येक वेळी एक साल उचलून चिमटीत चोळून बघायचा. अमरसिंहनं पुस्तकाप्रमाणं आठव्या दिवशी टाक्यांतला रस सालींवरून काढून घेतला आणि तात्यांनाही काढायला सांगितलं.

"अजून साल देतीया," पिराजी म्हणाला. "तिचं सपलं की सांगतो."

सालीचं संपलं बाराव्या दिवशी. चोळली तरी बोटाला रंग लागेना, नुसता कागद राहिला होता. त्या क्षणी पिराजी म्हणाला "उतरवा". काहील नव्हती, जाळ नव्हता, पण तोंडातून तोच शब्द आला.

एप्रिलमध्ये मोना आली. ही कळंब्याच्या एका मास्तरांची मुलगी, वाईनची चव पारखायचं शिक्षण घेतलेली. वायनरीवाले तिला मुद्दाम बोलावतात. तिनं टाकीतली वाईन घोळवली, थुंकली, चांगली आहे म्हणाली. मग पिंपातली घेतली आणि तिचं तोंड वाकडं झालं. फार तुरट आहे, राठ आहे, आत्ता तरी पिण्यासारखी नाही, असं तिनं सरळ सांगितलं. शेडमध्ये गावातली चार टाळकी मजा बघायला आली होती. ती खुसखुसली. अमरसिंहनं मान खाली घातली.

पिराजीनं मात्र मान खाली घातली नाही. "बाई, कढता गूळ गार कराय वाफ्यात वतल्या वतल्या कुणी खाईत न्हाय," तो म्हणाला. "थंड हुंदे. मग या."

हा गर्वच होता की खात्री, हे कुणाला सांगता आलं नसतं. मला विचाराल तर खात्री होती. गर्विष्ठ माणूस लगेच निकाल मागतो. पिराजीनं मुदत मागितली होती. आठ महिने त्यानं पिंपाला हात लावला नाही, फक्त आठवड्यातून एकदा जाऊन त्याच्या शेजारी बसायचा. आत काय चाललंय हे विचारलं तर सांगायचा, शिजतंय.

डिसेंबरात मोना परत आली. टाकीतली चाखली आणि गेल्या वेळी होती तशीच आहे, थोडी विरलीय म्हणाली. मग पिंपातली घेतली. घोळवली. थुंकली नाही. पुन्हा पेल्याला नाक लावलं आणि आतली मिरी तिला सापडली असावी, कारण तिनं वही बाजूला ठेवली.

"यात वेगळं काय केलंत?" तिनं अमरसिंहला विचारलं.

"मी काही केलं नाही," अमरसिंह म्हणाला. "ह्यांना विचारा."

तिनं विचारलं. पिराजी तिला तासभर सांगत होता, मधे पाणी प्यायला सुद्धा थांबला नाही. स्वतः त्यानं वाईन चाखली का, असं तिनं शेवटी विचारलं तेव्हा म्हणाला, एकदा जिभेला लावली, आपल्याला काय ती मानवत नाही, आपलं काम सालीपर्यंत. गावात बातमी पोचली. टपरीवरचा विनोद जुना झाला आणि शेडच्या किल्लीची दुसरी प्रत पिराजीच्या करगोट्याला आली. एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी चाललं असतं.

पण त्याची खरी परीक्षा झाली ती पुढच्या फेब्रुवारीत, तोडणीच्या सकाळी. वीस बायका क्रेट घेऊन बांधावर उभ्या होत्या. टेम्पो येऊन लागला होता. आदल्या संध्याकाळी अमरसिंहनं गोडी मोजायच्या मीटरवर आकडा बघितला होता, तो बरोबर होता. दक्षिणेकडं आभाळ थोडं मळलं होतं. अवकाळीचे चार थेंब पडले तरी साली फुटतात, हे बायकांना सुद्धा ठाऊक होतं, आणि त्या घाई करत होत्या. अमरसिंह कात्री वाटायला निघाला आणि मधेच थांबला. पिराजीकडं वळला.

"तात्या, करायची का सुरुवात?"

असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. पिराजी रांगेत शिरला. एक मणी तोडला, चावला. सालीत मिरी होती, पण मागं हिरवा कडवटपणा होता. बी फोडली. दाताला चिकटली. चार वेली पुढं गेला, परत चावला. सगळ्या बायका बघत होत्या.

"न्हाय," तो म्हणाला. "पाच दिस थांबा."

अमरसिंहनं आभाळाकडं पाहिलं. खिशात मीटर होतं, पण त्यानं ते काढलं नाही. का म्हणून विचारलं नाही. आभाळ दाखवून वाद घातला नाही. बायकांना दिवसाची हजेरी देऊन त्यानं परत पाठवलं, टेम्पोवाल्याला गाडी वळवायला सांगितलं आणि स्वतः चहा सांगायला शेडकडं निघून गेला.

बांध रिकामा झाला. पिराजी दोन एकराच्या मधोमध एकटा उभा राहिला. दोन वर्षं ज्याच्यासाठी तो तळमळला होता ते एवढ्या सहज हातात पडलं होतं, आणि तो पुन्हा पुन्हा वळून टेम्पोकडं बघायला लागला. चाळीस वर्षं काहिलीपुढं उभा राहिला तरी असं कधी झालं नव्हतं. आपलं चुकलं तर? या वेळी नुसती एक टाकी जाणार नव्हती. आभाळ खाली येत होतं. अजून हाक मारली असती तर टेम्पो थांबला असता.

त्यानं हाक मारली नाही. तो माळाच्या अगदी वरच्या रांगेपर्यंत चढून गेला, जिथं सगळ्यात आधी पिकतं. तिथला एक मणी तोडला आणि डोळे मिटून सावकाश चावला. आधी साल, मग बी. कच्चीच होती.